शेटचं पाणी

चतुरामावशी पिते, ही बातमी आमच्या वस्तीवर दुधाच्या गाडीच्याही आधी पोचली.

"साधंसुधं नाय, पक्कं पिते," पारूबाई हापशावर सांगत होती. पारूबाईला काही वाईट सांगायचं असलं की ती आधी घागर खाली ठेवते आणि मग आवाज खाली घेते. "दर सोमवारी छावणीतल्या वाईन शॉपच्या रांगेत हुबी असती. निम्मी तिथंच लावती, निम्मी पिशवीत घालून आणती. आन् चढली की मल्हारीभाऊला घराबाहेर काढती. उगंच नाय तो माणूस मेंढरांत झोपत."

आता खरं काय ते ऐका. सोमवार खरा, छावणी खरी, रांगही खरी. बाकीचं सगळं पारूबाईच्या पदरचं. मल्हारीभाऊ, म्हणजे मावशीचा नवरा, मेंढरांत झोपतात ते लांडग्यांपायी, आणि गेली तीस वर्षं झोपतात. राहिली मावशी. तिनं उभ्या जन्मात दारूचा थेंब जिभेला लावलेला नाही. खोकल्याचं औषध आणलं तरी आधी झाकण उघडून वास घेते आणि संशय आला तर बाटली आल्या पावली परत. त्यातून ती आमच्या गावातल्या आडव्या बाटलीची पुढारी.

चितेगावच्या पुढं, पैठण रोडवर आमच्या गावाचा फाटा आहे. तिथं गावातलं बडं प्रस्थ असलेल्या आप्पासाहेबांच्या जागेत सहा महिन्यांपासून परमिट रूम चालू झाली आणि गावातले पुरुष संध्याकाळी घराऐवजी फाट्यावर सापडू लागले. ती बंद करायचा एक कायदेशीर रस्ता आहे. गावातल्या पाव हिस्सा बायांनी सह्या दिल्या की मतदान लागतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर निम्म्याहून जास्त बायांचे शिक्के पडले की दुकानाला कुलूप. आम्हाला सह्या हव्या होत्या दोनशे दहा. मावशीनं रविवारी सुट्टीच्या दिवशी, चपलेचा अंगठा तुटेपर्यंत, शेताशेतानं हिंडून एकशे सदतीस जमवल्या होत्या.

आणि तेवढ्यात सत्यमनं फोटो टाकला. सत्यम म्हणजे आप्पासाहेबांचा पुतण्या. गावच्या ग्रुपवर फोटो, फोटोत वाईन शॉपची जाळी, जाळीपुढं मावशी, आणि खाली एक ओळ: "बाटली आडवी, मावशी उभी."

त्या संध्याकाळपासून एक सही मिळेना. दोघी जणी तर घरी येऊन म्हणाल्या, आमची नावं खोडा. मावशीनं खोडली. पेन कागदातून आरपार गेलं.

"फोटू काढायला येळ हाय," ती म्हणाली, "जवळ येऊन इचारायला नाय. दोन पावलं चालून आला असता अन् म्हणला असता, मावशी, तू कामून हितं, तर सांगितलं नसतं का मी?"

हे मात्र तिनं जरा वाढवून सांगितलं. कारण विचारलं असतं तरी मावशीनं सांगितलं नसतं.

मावशी शहरात, औरंगपुऱ्यात, रामप्रसादशेटच्या दुकानात कामाला आहे. तिथं नवरदेवाचे कपडे भाड्यानं मिळतात, शेरवानी, जोधपुरी, फेटा, मोजडी, मोत्याच्या माळा, सगळं. लग्नसराईत एकच शेरवानी आठ दिवसांत तीन नवरदेवांच्या अंगावर चढते. आता मे महिन्यातली आपली लग्नं. मंडप पत्र्याचा, मुहूर्त बारा पस्तीसचा, पुढं वरात, वरातीत नाच. शेरवानी परत येते तेव्हा तिच्या काखा हातभर अंतरावरून आपली हकीकत सांगतात. आणि तिला धुता येत नाही. एकदा पाण्यात घातली की जरी काळी पडते, अस्तर आखडतं, शेरवानीचं पोतेरं होतं. ड्रायक्लीनला चार दिवस लागतात आणि पुढचा नवरदेव दाराशी उभा.

यावरचा इलाज रामप्रसादशेटना एका नाटकाच्या कपडेपटवाल्यानं सांगितला होता. व्होडका. निम्मी व्होडका, निम्मं पाणी, फवारा मारायच्या बाटलीत भरायचं, कपडा उलटा करायचा, अस्तरावर फवारायचं आणि पंख्याखाली टांगायचं. व्होडकाला रंग नाही, डाग पडत नाही, आणि ती उडून जाते ती वास घेऊनच जाते. शेटनी करून पाहिलं आणि खूश झाले. प्रश्न एकच उरला. बाटली आणायची कुणी?

रामप्रसादशेट प्रत्येक वाक्य "मी असं म्हणतो" पासून चालू करतात, जसं काही कुणी त्यांच्या वतीनं दुसरंच म्हणत होतं. "मी असं म्हणतो चतुराबाई, की आपण गेलात तर बरं पडेल. आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही हो. मला त्या रांगेत कुणी पाहिलं तर काय होईल?"

"आन् मला पाहिलं तर?"

"मी असं म्हणतो," शेट हसले, "तुम्हाला कोण पाहतं, चतुराबाई."

मावशीला मिरचीचा ठसका लागत नाही, पण हे वाक्य लागलं. चार वर्षं झाली, अजून बसमध्ये पैठण गेट ते चितेगाव ती हेच बोलत येते. "म्हंजे शेटची इज्जत जरीची, अन् माझी काय गोणपाटाची? मला कोण पाहतं? आता पाहिलं की सगळ्या गावानं, फोनमधी घालून."

शेटच्या दुकानाजवळ वाईन शॉप नाही असं नाही. पण जवळ शेटना ओळखतात, म्हणून मावशीला ओळखतात, म्हणून छावणी. पहिल्या सोमवारी जाळीमागच्या माणसानं वहीच पुढं ओढली.

"मौसी, परमिट बनाना पडता. नाम बोलो."

"कायचं परमिट?"

"पीने का."

"मी पीत नाय."

"सबीच ऐसा बोलते, मौसी. नाम बोलो."

"मला पुसायला पायजे. पुसायचं परमिट दे."

त्या माणसानं खरंच वहीची पानं उलटून पाहिली. मग म्हणाला, "पुसने का परमिट रहताइच नहीं." आणि सरकारदरबारी मावशी पिणारी झाली. त्या चिठोऱ्यावर स्वतःचं नाव बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "भिंतीला चुना लावायला परमिट लागत नाय, पोटाला आग लावायला लागतं, अन् मला दोन्ही करायचं नाय तरी लागतं." व्होडका हा शब्द मात्र तिनं कधी तोंडातून काढला नाही. जाळीपुढं उभी राहून ती म्हणायची, "ती, पाण्यावाणी दिसती ती."

आता खरा घोटाळा झाला तो घरी. एका शनिवारी फवाऱ्याची बाटली चुकून मावशीच्या पिशवीतून वस्तीवर आली. त्याच दिवशी पारूबाई सुनेच्या आहेरातला स्टीलचा डबा घेऊन ओट्यावर बसली होती. डब्यावरचं कंपनीचं स्टिकर निघत नव्हतं. पारूबाईनं राख लावली, तेल लावलं, नखं लावली, शेवटी कंपनीला शिव्या लावल्या. मावशीला राहवलं नाही. तिनं दोन फवारे मारले, पाच मिनिटं थांबली, आणि फडक्यानं पुसलं. डब्यात पारूबाईचं तोंड दिसू लागलं.

"हे कायचं पाणी हाय गं?"

मावशीनं खरं सांगायच्या ऐवजी फडकं झटकलं. "शेटचं पाणी," ती म्हणाली.

झालं. महिन्याभरात सगळ्या वस्तीला शेटचं पाणी माहीत. पोरांच्या गणवेशावर बॉलपेनची शाई सांडली, आण शेटचं पाणी. चष्मा मेणचटला, आरशावर गंधाचे डाग पडले, देव्हाऱ्याच्या काचेवर काजळी धरली, शेटचं पाणी. जास्वंदीला पांढरी कीड लागली तर कापसाच्या बोळ्यानं तेच. बाजेच्या फटीत ढेकूण झाले तर तेच. मल्हारीभाऊंची घोंगडी पावसात भिजली की वस्तीला मेंढरं दोनदा घरी आल्यासारखं वाटतं, तिच्यावरही मावशीनं फवारलं आणि भाऊ म्हणाले, "आता मेंढरं मला ओळखायची नायत." बाया मावशीच्या दारात छोट्या बाटल्या घेऊन यायच्या, आणि आज सांगू, उद्या सांगू करत मावशी देत राहिली. आडव्या बाटलीच्या सह्या आणि शेटचं पाणी, दोन्ही एकाच दारातून चाललं होतं.

म्हणजे फोटोचा खुलासा करायचा तर शेटचं पाणी काय आहे ते सांगावं लागणार. आणि ते सांगितलं तर, ज्या बाया पिते म्हणून सही देईनात, त्या देव्हाऱ्याला दारू लावली म्हणून उंबऱ्यावरही उभं करणार नाहीत. मावशीला हे दिसत होतं. म्हणून ती एवढी चिडली होती. दुसऱ्यावर चिडणं सोपं असतं, यात अर्धा राग स्वतःवरचा होता.

रागाबरोबर दाबून ठेवायला तिच्याकडं आणखी एक गोष्ट होती, आणि ती सगळ्यात वाईट. परत आलेली शेरवानी मावशी आतून बघते. कुणाच्या अस्तरात तंबाखू, कुणाच्या खिशात गुटख्याची पुडी, कुणाच्या छातीवर वरातीत सांडलेली रम, कुणी कुठं काय ओकलं, सगळं तिला कळतं. दुकानाचा नियम एकच, दुकानातला वास दुकानात. वैशाखात एक शेरवानी अशी परत आली की मावशीनं तिच्यावर तीन बाटल्या संपवल्या आणि घरी येऊन जेवली नाही. "लगीन लागायच्या आधीच ढोसून भरलं व्हतं पोरगं," एवढंच बोलली. नाव घेतलं नाही. पण शेरवानी मरून रंगाची होती, आणि त्या महिन्यात आमच्या गावात मरून शेरवानीतला नवरदेव एकच होता, आप्पासाहेबांचा मुलगा इंद्रजीत.

शुक्रवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात महिला ग्रामसभा होती. जायच्या आधी मावशी दारात चपलेला खिळा ठोकत बसली होती. माझ्या नकला बघायला सगळं गाव जमतं, म्हणून मी तिला आप्पासाहेब करून दाखवले, पोटावर हात, डोळे मिटलेले. हसली नाही.

"मावशी, आज तू इंद्रजीतचं नाव घेणार," मी म्हणाले.

"कोण इंद्रजीत? मी कुणाचं नाव घेतलंय का कधी?"

"आज घेशील. तुझं डोकं तापलं की तुझ्या तोंडाला कुलूप राहत नाही. पैज लाव."

मावशीनं हातोडी खाली ठेवली. "लावली. मी हरले तर सगळ्या वस्तीपुढं माझी नक्कल कर, मी टाळ्या वाजवीन. तू हरलीस तर मी सांगीन ते."

व्हरांडा भरला होता. बाया सतरंजीवर, पुरुष सहज आल्यासारखे कठड्याला टेकून. आप्पासाहेबांना खुर्ची होती. ते बोलायच्या आधी खाकरतात, बोलल्यावर चौफेर बघतात, आणि मधल्या जागेत जे काय बोलतात ते गोडच असतं.

"चतुराबाई आपल्या घरच्यासारख्या," ते म्हणाले. "त्या पितात असं मी म्हणणार नाही. काय? मी नाही म्हणणार. पण दर सोमवारी बाटली घेतात, हे तर फोटोत दिसतंय. न पिणाऱ्या बाईची बाटली जाते कुठं? तेवढं सांगा, आणि मग घ्या बायांच्या सह्या. काय चुकीचं बोललो?"

मावशी उठली. पदर खोचला, पिशवीत हात घातला आणि फवाऱ्याची बाटली काढून सतरंजीच्या मध्यावर ठेवली.

"ही तर शेटच्या पाण्याची," पारूबाई म्हणाली.

"व्हय," मावशी म्हणाली. "शेटचं पाणी नाय ते. व्होडका हाय."

तो शब्द तिच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकला. मग एकेकीच्या चेहऱ्यावर आपापल्या घरातली एकेक वस्तू उगवायला लागली.

"माझ्या देव्हाऱ्याच्या काचंला तू दारू लावलीस?" पारूबाई गुडघ्यावर उभी राहिली.

"माझ्या लेकराच्या शर्टाला."

"मी त्या चष्म्यानं पोथी वाचती गं बाई."

"लावली," मावशी म्हणाली. "सगळ्यांच्या घरात लावली. नाव सांगितलं नाय, ते चुकलं माझं. त्याची माफी मागती, दहा बायांत मागती. पण दुकानाचं सामान आणायला मला धाडत्यात, कारण मला कोण पाहतं म्हणून. पाहिलं तर म्हणायलेत पिती. म्हंजे न पाहिलं तरी माझीच इज्जत जायची, अन् पाहिलं तरी माझीच. शेटचा फोटू काढायला कुणी नाय गेलं औरंगपुऱ्यात." आता आवाज चढला. "अन् पारू, तू बस खाली. तुझ्या डब्यावरचं स्टिकर राखेनं निघलं व्हतं का?"

"नाय."

"हिनं किती वेळात निघलं?"

"पाच मिंटात." पारूबाई रागातही खोटं बोलली नाही.

"बाजेतले ढेकूण?"

"मेले."

"जास्वंदीची कीड?"

"गेली की."

"ऐका आता. जी स्टीलवरचा डिंक सोडविती, ढेकूण मारती, कीड मारती, शाई उपटून काढती, ती तुझा नवरा रोज संध्याकाळी पोटात वततो. पोट काय स्टीलचं हाय त्याचं? ही वस्तू फिनेलच्या शेजारी ठिवायची हाय, संडासाच्या कोपऱ्यात. फिनेल प्यायला कुणी खुर्च्या मांडून बसतं का? फाट्यावर खुर्च्या मांडल्यात. वर पंखे लावलेत. संगं शेंगदाणे द्यायलेत. अन् परमिट कशाचं, तर प्यायचं. पुसायचं मागितलं तर नाय म्हणत्यात. मी चार वर्षं झाली ही हातानं वापरती, माझ्या बोटांची सालं निघालीत, बगा." तिनं दोन्ही हात पुढं केले. बोटांच्या टोकांची कातडी खरंच वाळल्या कांद्यासारखी सुटली होती. "बोटं बाहेरून हायत म्हणून दिसायलीत. आतडं कुणाला दिसतंय?"

आप्पासाहेब खाकरले. "चतुराबाई, भाषण छान झालं. पण माझ्या जागेत सगळं शिस्तीत चालतं. इथं पिऊन कुणी गोंधळ घातला, कुणाच्या लग्नकार्यात घाण केली, असं एक उदाहरण द्या. एक नाव सांगा. काय? उगाच मोघम नको. आहे एखादं नाव?"

मावशीनं पदर पुन्हा खोचला. तिनं तोंड उघडलं. मी बायांच्या मागं बसले होते आणि मनातल्या मनात तिची नक्कल कुठून सुरू करायची ते ठरवत होते. इंद्रजीत कठड्याच्या खांबाला टेकून मोबाईल बघत होता. मावशीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिनं आप्पासाहेबांकडं पाहिलं.

"आप्पासाहेब," ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज परत खाली आला होता, "गावातल्या पोरांची लग्नं सगळ्यांनी बाहेरून बघितली. मी आतून बघती. नाव घेणार नाय."

आणि बसली.

आप्पासाहेबांनी चौफेर बघितलं, पण या वेळी बघून काय मिळालं ते त्यांनाच ठाऊक. इंद्रजीतचा मोबाईल खिशात गेला आणि त्याच्या पाठोपाठ इंद्रजीत व्हरांड्याबाहेर. बायांनी ते पाहिलं. बाया सगळं पाहतात.

पहिला हात पारूबाईनं पुढं केला. "देव्हाऱ्याचं मी तुला घरी बगून घेती," ती मावशीला म्हणाली. "गंगाजल शिंपडून काच धुवून देशील तू, अन् तीही तुझ्या हातानं. कागद आण हिकडं." आपलं नाव खोडलेल्या दोघींनी खोडलेल्या नावाखालीच परत सही केली. त्या दुपारी एकसष्ट सह्या झाल्या. एका म्हातारीनं अंगठा दिला आणि शाई पुसायला तीच फवाऱ्याची बाटली मागितली, तेव्हा ती पारूबाईनंच उचलून दिली.

घरी येताना मावशीनं पैज वसूल केली.

"चौदा सह्या कमी हायत. आप्पासाहेबाच्या बंगल्यात पाच बाया राहत्यात. त्या पाची तू आणायच्या. उरलेल्या नऊ मी बगती."

"मावशी, तिथं कुत्रं आहे."

"मला कोण पाहतं म्हणाले, मी गेले. तुला तर सगळं गाव पाहतं. जा."

मी गेले. पहिली सही रत्नमालाकाकूंनी दिली, म्हणजे इंद्रजीतच्या आईनं. काही विचारलं नाही, कागद वाचलाही नाही. दाराआड उभ्या राहून, कागद भिंतीवर टेकवून सही केली आणि मला म्हणाल्या, "मागच्या दारानं जा." त्यांच्या दोन जावांनी दुसऱ्या दिवशी केली. राहिल्या आप्पासाहेबांच्या म्हाताऱ्या आई आणि इंद्रजीतची नवी बायको. म्हातारी म्हणते लेकाला विचारते, आणि नवी सून माझ्याशी बोलायला खिडकीपर्यंत येते आणि परत जाते.

मावशीच्या नऊच्या नऊ झाल्या. ती रोज सकाळी बसला जाताना कुंपणावरून एवढंच विचारते, "दोन कुठं हायत?"

उद्या परत जाणार आहे. पैज हरले आहे, तीनावर भागत नाही.